‘ह’ नसलेल्या लिपीत माझे नाव

माझे यजमान नौदलात आहेत. ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका रशियातील सेवेरोद्विन्स्क येथे तयार होत असताना त्यांची नेमणूक तेथे झाली आणि २०१२ च्या मे महिन्यात मीही तेथे राहायला गेले. मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटवर पास दाखवणे आमच्या घरात कोणालाच नवे नव्हते. परंतु मुंबईत पहारा गोदीपुरता असतो. सेवेरोद्विन्स्कमध्ये परदेशी माणसासाठी गोदीच नव्हे, तर अख्खे शहरच परवानगीवर चालते.

श्वेत समुद्राच्या काठी, अर्खांगेल्स्कपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, १९३६ मध्ये दलदलीच्या जमिनीवर हे गाव वसवले गेले ते केवळ जहाजबांधणीसाठी. सोव्हिएत संघाची पहिली अणुपाणबुडी येथेच बांधली गेली, त्यामुळे परक्या माणसाविषयीची सावधगिरी समजण्यासारखी आहे. गंमत अशी की १५५३ मध्ये रिचर्ड चॅन्सलर हा इंग्रज दर्यावर्दी याच किनाऱ्याला लागला होता आणि रशियाचा इंग्लंडशी व्यापार तेथून सुरू झाला. त्या काळचा निकोलो-कोरेल्स्की मठ आता कारखान्याच्या आवारात आहे.

व्हिसासाठी लागणाऱ्या निमंत्रणाचे काम कारखान्याकडून आधीच झाले होते आणि तो भाग मला कष्टाचा गेला नाही. विमानतळावर स्थलांतर कार्डाचा अर्धा भाग ठेवून घेतात आणि उरलेला अर्धा आपल्याला जपावा लागतो. मुक्कामी पोहोचल्यावर कामाच्या सात दिवसांत पत्त्याची नोंद करावी लागते, आणि त्या अर्जाचा खालचा तुकडा फाडून, शिक्का मारून आपल्या हातात देतात. हा चतकोर कागद पासपोर्टमध्ये घालून मी सहा महिने निर्धास्त होते. त्यावर माझे नाव कसे लिहिले आहे, हे मी पाहिलेच नव्हते.

शरद ऋतूत सागरी चाचण्यांमध्ये बॉयलरचा प्रश्न निघाला, नौकेचे हस्तांतरण डिसेंबरऐवजी पुढच्या वर्षावर गेले आणि त्याबरोबर आमचा मुक्कामही लांबला. नवे कागद करण्यासाठी मी एका कार्यालयात गेले. तेथे रांग अशी दिसत नाही. लोक भिंतीला टेकून इकडेतिकडे उभे असतात. आत शिरताच ‘क्तो पस्लेद्नी?’ म्हणजे ‘शेवटचे कोण?’ असे विचारायचे, जो हात वर करील त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि मग खुशाल बाकावर बसायचे. ही पद्धत मला आपल्या रांगेपेक्षा कितीतरी सोयीची वाटली.

खिडकीपलीकडच्या बाईंनी व्हिसा आणि तो चतकोर कागद शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलीने दोन ठिकाणी गोल केले. रशियन लिपीत ‘ह’ नाही. हिमालयालासुद्धा ते लोक ‘गिमालाई’ म्हणतात. माझ्या यजमानांच्या नावात ‘ह’ आहे. व्हिसावर त्याचा ‘ख’ झाला होता आणि नोंदीच्या कागदावर ‘ग’. दुसरा गोल अधिक अवघड जागी होता. त्यांच्याकडे आपल्यासारखेच नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात. आपल्या पासपोर्टवर माझे आणि यजमानांचे नाव एकाच ओळीत आहे. व्हिसावर ते तसेच उतरले होते, पण नोंद करणाऱ्याने दुसरा शब्द उचलून वडिलांच्या रकान्यात टाकला होता. कागदोपत्री मी दोन निरनिराळ्या बायका झाले होते, आणि त्यांतली एक आपल्या नवऱ्याची मुलगी होती.

यावर उपाय एकच निघाला, तो म्हणजे पासपोर्टचे नोटरीकडून प्रमाणित भाषांतर. एकदा त्यात नावाचे जे रूप ठरते तेच पुढे सर्वत्र चालवता येते. भाषांतर करणाऱ्या बाईंना मी सांगितले की आमच्याकडे लग्नाआधी मधले नाव वडिलांचे असते आणि लग्नानंतर नवऱ्याचे. त्यांनी चष्मा काढून विचारले, “मग वडील कुठे जातात?” मला उत्तर सुचले नाही. शेवटी व्हिसाप्रमाणे ‘ख’ ठेवावा, दोन्ही शब्द नावाच्याच रकान्यात लिहावेत आणि वडिलांच्या रकान्यात आडवी रेघ मारावी, असे ठरले. पासपोर्टची झेरॉक्स आणि भाषांतर दोऱ्याने एकत्र शिवून, मागच्या गाठीवर कागद डकवून त्यांनी त्यावर शिक्का उमटवला. ते शिवलेले बाड घेऊन मी पुन्हा त्याच कार्यालयात आणखी तीन वेळा गेले. डिसेंबरात तेथे सकाळचे दहा वाजले तरी बाहेर मिट्ट काळोख असे. चौथ्या खेपेस नवा चतकोर कागद मिळाला, आणि या वेळी मी खिडकीपाशी उभी राहून त्यावरचे प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचले.

ही सगळी हकीकत मी आमच्या जिन्यातल्या शेजारीण आजींना मोडक्यातोडक्या रशियनमध्ये सांगितली. त्यांना ती आडवी रेघ मुळीच पटली नाही. मोठ्या माणसाला आदराने हाक मारायची तर वडिलांचे नाव हवेच, असे म्हणून त्यांनी माझ्या वडिलांचे नाव विचारून घेतले, त्याला ‘ओव्ना’ जोडले, आणि पुढच्या वर्षी आम्ही ते गाव सोडेपर्यंत त्या मला त्याच नावाने हाक मारीत राहिल्या. माझ्या वडिलांच्याही नावात ‘ह’ आहे. आजी त्याचा ‘ग’ करीत.