वीस फुटांचा चिखल

सोलापुरात बोटीची ट्रॉली दुरुस्तीला येते म्हटलं की लोक हसतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, कुणाच्या गोठ्याची शेड, असली आमची कामं. २०२५ च्या पावसाळ्याआधी मात्र एका बचाव पथकाची दोनचाकी ट्रॉली आली. डावं चाक करकरत होतं. चाकाच्या मधला हब उघडला तर आत पाणी शिरून ग्रीसचं ताक झालेलं.

"पाण्यात घालता काय रे हिला?"

"मग बोट सोडायची कशी, अण्णा?"

पोराचं खरंच होतं. पण हायवेवरून पळवत आणलेल्या ट्रॉलीचे हब तापलेले असतात. ती तशीच गार पाण्यात ढकलली की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. गरम भाजीच्या डब्याचं झाकण थोड्या वेळाने आत चिकटून बसतं ना, तोच प्रकार. पाणी शिरलं की बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही. "काठावर पोचलात की पंधरा-वीस मिनिटं थांबत जा," असं सांगून डाव्या चाकाचं बेअरिंग आणि सील बदललं. उजवं हाताने फिरवून पाहिलं, आवाज नव्हता. म्हटलं, चालेल.

सप्टेंबरात सीनेला पूर आला. एरवी ही नदी पात्रात वेड्या बाभळी वाढवत पडलेली असते, उन्हाळ्यात पोरं तिच्यात क्रिकेट खेळतात. त्या आठवड्यात ती शेतं ओलांडून वस्त्यांत घुसली. सकाळी सहाला फोन आला. "अण्णा, ट्रॉली रुतली. ट्रॅक्टरबी रुतला. लवकर या."

टेम्पोत साखळी, वायर रोप, जॅक, लाकडी ठोकळे आणि चार जुने जाड पत्रे टाकून निघालो. डांबरी रस्ता संपत होता तिथून पाणी जेमतेम वीस फुटांवर, पण ते वीस फूट म्हणजे उसाच्या कडेची काळी जमीन. ही माती वाळली की तिला भेगा पडतात आणि भिजली की पायातली चप्पल सोडत नाही. बोट फायबरची, इंजिनासकट चारशे किलोच्या घरात. ट्रॉलीची चाकं आसापर्यंत आत. पाण्यापलीकडे एका पत्र्याच्या घरावर माणसं बसलेली दिसत होती. इंजिन तयार होतं, लाइफ जॅकेट घातलेली पोरंही तयार होती. अडलं होतं ते फक्त बोट पाण्यापर्यंत नेण्याचं.

ड्रायव्हर ॲक्सिलेटर दाबत होता आणि चाक जागच्या जागी खड्डा करत होतं. एक म्हातारे मामा ओरडले, "अरे थांब की बे, विहीर खांदतोस काय?" सगळ्यात शहाणं बोलणं तेवढंच झालं.

आधी ट्रॅक्टर सोडवला. दुसऱ्या ट्रॅक्टरने रस्त्यावरून ओढून काढला आणि ठरवलं, आता चिखलात ट्रॅक्टर न्यायचाच नाही. तो डांबरावर राहील, ट्रॉलीच्या दांडीला वायर रोप बांधायचा आणि ट्रॉली माणसांनी ढकलायची. जॅकखाली ठोकळा देऊन एकेक चाक उचललं, खाली पाचट कोंबलं, वर पत्रा सरकवला. पत्र्यावर चाक आलं की मागचा पत्रा काढून पुढे टाकायचा. चारच पत्रे होते, ते फिरवत फिरवत वीस फूट गेलो. वस्तीवरची दहा-बारा माणसं खांदा द्यायला आली होती. रोप मागून ताणलेला असल्याने ट्रॉली एकदम पाण्यात घसरायची भीती नव्हती.

बोट पाण्यावर तरंगली तेव्हा नऊ वाजले होते.

बाहेर काढणं याहून अवघड निघालं, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. माणसं आणून सोडली की बोट तिथेच काठाला बांधायची, तिथवर ठीक. पण संध्याकाळी दुसऱ्या एका वस्तीवर जायचं ठरलं, म्हणजे बोट रस्त्याने न्यायची. ट्रॉली पाण्यात बुडालेली, पाणी गढूळ, त्यामुळे ती नेमकी कुठे आहे ते बोट चालवणाऱ्याला दिसेना. प्रवाहाची ओढ आडवी. पहिल्या खेपेला बोट तिरकी होऊन मडगार्डवर चढली. मग ट्रॉलीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना उभे बांबू बांधले. बांबूंची टोकं पाण्यावर दिसू लागली आणि दुसऱ्या खेपेला पोराने बोट बरोबर मधोमध घातली. बोट ट्रॉलीवर ओढायची विंच फिरवताना तिला उलटं फिरू न देणारा खटका सुटला, हँडल सणकन उलटं फिरून माझ्या मनगटाला लागलं. आठवडाभर डाव्या हाताने जेवलो.

नंतर मोबाइलवर विलायतेतल्या बचाव बोटींचे व्हिडिओ पाहिले. तिकडची समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारी संस्था, रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, १८२४ पासूनची. किनाऱ्याजवळच्या कामाला लहान रबरी बोटी त्यांनी १९६३ मध्ये आणल्या. त्यांचे काही ट्रॅक्टर पाणी आत न शिरणारे असतात, लाटांत बोटीचा गाडा ढकलत जातात. काही बोटी परतताना थेट गाड्यावर ताणलेल्या जाळीत घुसतात. पण माझं मन जुन्या एका हकिगतीवर अडकलं. १८९९ च्या जानेवारीत लिनमथ गावच्या लोकांनी वादळामुळे बोट तिथून सोडता येईना म्हणून ती घोडे लावून, शंभरेक माणसांनी, डोंगरातून २१ किलोमीटर ओढत दुसऱ्या किनाऱ्याला नेली. वाटेत गाड्याचं चाक निखळलं. ते कुणी बसवलं असेल, याचाच मी विचार करत बसलो.

पूर ओसरल्यावर ट्रॉली पुन्हा दुकानात आली. पोरांना बांबूच्या जागी लोखंडी पाइप हवे होते. ते बसवले, वरच्या टोकाला लाल-पांढरा पट्टा मारला, विंचचा खटकाही बदलला. मग दोन्ही हब उघडले. डाव्यातलं ग्रीस स्वच्छ. उजव्यात ताक. उजव्या बेअरिंगचे पैसे मी बिलात धरले नाहीत.