भरतीण घडवताना : माझा अनुभव

भुसावळला आमच्या घरी दर रविवारी दुपारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकत आणि गोष्ट रचत खेळायच्या खेळाचा डाव बसतो. डाव मी चालवते. माझे दोन मावसभाऊ, शेजारची एक मैत्रीण आणि शाळेतली एक सहशिक्षिका असे चौघे खेळतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांची पात्रे पाचव्या पातळीवर पोहोचून एका बंदराच्या गावी आली, तेव्हा तिथल्या समुद्रासाठी तयार पुस्तकातला प्राणी न घेता स्वतःचा मायावी जलचर घडवायचा, असे मी ठरवले.

कल्पना एका संध्याकाळीच सुचली. मुलताईला उगम पावलेली आपली तापी ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेपलीकडे ज्या खंभातच्या आखातात मिळते, ते नरसाळ्यासारखे निमुळते होत गेल्याने तिथे भरतीचे पाणी फार उंच चढते. उधाणाची भरती आणि भांगाची भरती हे शब्द आम्ही खानदेशातली मुले भूगोलाच्या पुस्तकात पाठ करतो, पण त्यामागचा समुद्र रोज पाहत नाही. म्हणून भरतीवर जगणारा, पाणी चढले की बळावणारा आणि ओहोटीला मलूल होणारा प्राणी मला हवा होता. तीन लांब भुजा, ऑक्टोपससारखी तीन हृदये आणि निळे रक्त एवढे रूप ठरले. नाव मात्र सगळ्यात शेवटी सापडले, ‘भरतीण’, आणि ते शेवटीच सापडले हे बरे झाले, कारण नाव आधी आवडले की आकडे बदलताना हात आखडतो.

खरी अडचण आली ती चॅलेंज रेटिंगच्या गणितात. चार पात्रांच्या तुकडीला प्राणी किती जड जाईल हे सांगणारा हा आकडा. पाचव्या पातळीच्या चौघांपुढे पाच रेटिंगचा प्राणी साधारण झेपेल असा असतो. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत, डाव चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात, त्याचा तक्ता आहे. जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स (श्रेय देऊन कुणालाही वापरू देणाऱ्या) परवान्याखाली मोफत खुल्या झालेल्या मूळ नियमांत तो असेल या समजुतीने मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या, आणि तो तिथे नाही हे कळल्यावर मला मनापासून राग आला. पुस्तक एका मित्राकडून मागून आणले. तक्त्याप्रमाणे पाच रेटिंगसाठी हिट पॉइंट्स (प्राणी पडेपर्यंत सोसू शकेल एवढी इजा) १३१ ते १४५, आर्मर क्लास (त्याला वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५, हल्ल्याची भर (वार करताना वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा) ६ आणि एका फेरीतली इजा ३३ ते ३८ हवी. मी भरतिणीला १३६ हिट पॉइंट्स दिले आणि तिच्या प्रत्येक भुजेचा वार सरासरी १२ इजेचा, म्हणजे तिन्ही मिळून ३६, असा बसवला. सगळे आकडे चौकटीत नेमके बसले.

पहिल्याच चाचणीत पाचव्या फेरीअखेर चारही पात्रे पडली. धाकटा मावसभाऊ म्हणाला, “ताई, माझी तलवार पाण्यात चालतच नाहीये.” त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते, पण मी आधी फाशांना दोष दिला आणि पुढचे तीन आठवडे भरतिणीचे वार कमी-जास्त करत बसले. चूक वारांत नव्हती. ज्याला पोहण्याची स्वतंत्र गती नाही त्याने पाण्यात लांब तलवार किंवा गदा चालवली, तर दोन फासे टाकून त्यातला कमी आकडा धरावा लागतो. खंजीर, भाला, त्रिशूळ अशा मोजक्या शस्त्रांनाच यातून सूट आहे. धनुष्यालाही हाच फटका बसतो, आणि पूर्ण बुडालेल्या प्राण्याला आगीची इजा निम्मीच होते. आमच्या चौघांकडे तलवार, गदा, धनुष्य आणि आगीचे मंत्र होते.

हल्ल्याची भर ७ असलेल्या योद्ध्याचा वार आर्मर क्लास १५ वर शंभरात ६५ वेळा लागतो; पाण्यात तो ४२ वेळांवर येतो. म्हणजे माझ्या भरतिणीचे १३६ हिट पॉइंट्स प्रत्यक्षात २०९ च्या तोलाचे होते, आणि तक्त्यात २०९ हा आकडा दहा रेटिंगच्या ओळीत आहे. तिथे अपेक्षित असलेल्या आर्मर क्लास १७ पेक्षा तिचा दोनने कमी म्हणून एक पायरी उतरली, तरी बचावाचे रेटिंग नऊ आणि हल्ल्याचे पाच; प्राण्याचे रेटिंग म्हणजे या दोहोंची सरासरी, ती सात होते. तक्ता प्राण्याला मोजतो. भोवतालच्या पाण्याला मोजत नाही. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितले असते तर तीन आठवडे वाचले असते. उलट्या दिशेने गणित करून मी हिट पॉइंट्स ८५ वर आणले, जे पाण्यात १३१ च्या बरोबरीचे ठरतात, आणि त्या रात्री मला फार समाधानाने झोप लागली.

बुडण्याची भीती मात्र हिशेबात धरू नका. काटकपणाची (कॉन्स्टिट्यूशन) भर २ असलेले पात्र तीन मिनिटे श्वास रोखू शकते, आणि सहा सेकंदांची एक फेरी धरली तर त्या तीस फेऱ्या होतात. लढाई त्याच्या कितीतरी आधी संपते. भरतीच्या वेळा ठेवताना खऱ्या समुद्राचा हिशेब कामी येतो : भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटांनी उशिरा. गावकऱ्यांकडून ही वेळ काढून घेणे हाच आमच्या खेळाचा अर्धा भाग झाला. आपला प्राणी इतरांना द्यायचा असेल तर तो खुल्या नियमांवर बेतून परवान्यात सांगितलेला श्रेयनिर्देश जोडावा.

दुसऱ्या चाचणीत मी गावच्या कोळिणीकडून दोनच भाले देववले आणि ते कुणी घ्यायचे यावर चौघांत पंधरा मिनिटे वाद झाला. धाकट्याने तलवार किनाऱ्यावर ठेवून भाला उचलला, मैत्रिणीने आगीचे मंत्र सोडून जखमा भरण्याचे काम घेतले, आणि ओहोटी लागायला घटकाभर उरला असताना सगळे पाण्यात उतरले. सहाव्या फेरीत भरतिणीचे शेवटचे चार हिट पॉइंट्स उरले, तेव्हा पाणी उतरू लागले आणि ती भुजा आवरून खोल निघून गेली. पुढच्या अमावास्येच्या उधाणाला ती परत येणार आहे.