माठातले इन्सुलिन

नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की आम्ही गावी जाण्याचा विषय काढत नाही, कारण थोरलीला टाइप १ मधुमेह आहे आणि न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. वीज फार वेळ गेली, तर वापरातली कुपी डब्यात घालून ओल्या वाळूवरच्या मडक्यात ठेवतो. (सासूबाईंचे पिण्याच्या पाण्याचे मडके त्यासाठी गेले, याची कुरकुर अजून चालू आहे.) धाकट्याला दमा असल्याने कूलरच्या धूळभरल्या ताट्या मार्चमध्येच बदलल्या.

आमरस मात्र बंद केलेला नाही. लेक वाटी मोजते, साखर तपासते, इन्सुलिन टोचते आणि मगच जेवायला बसते. परवा आकडा ६८ आला, म्हणजे साखर फार उतरली होती, तेव्हा आधी तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले. तोवर धाकट्याने तिची वाटी चाटून पुसून ठेवली होती.