आमची वाटचाल : एक घर, एक गड, एक दिवस

आमचा धंदा साधा आहे. एका घरातल्या माणसांना एका दिवसासाठी एका गडावर न्यायचं, गड समजावून सांगायचा आणि रात्रीच्या जेवणाआधी घरी आणून सोडायचं. गाडी आमची, माहिती आमची. वेळ मात्र पूर्णपणे त्या घराचा. त्या दिवशी गाडीत दुसरं अनोळखी कुणी नसतं आणि गडावर कुणासाठी घाई करायची नसते. कोपरखैरण्यातून हे काम मी आणि माझा दादा चालवतो. दादा गाडी आणि हिशेब बघतो, गडावरचं सगळं माझ्याकडे. रायगड, शिवनेरी इथेही आम्ही जातो, पण आमचा पाया लोहगड आहे, म्हणून इथे त्याच्याबद्दलच जास्त लिहिते.

आमचे अण्णा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी कामगार होते. आमच्या गल्लीतली निम्मी घरं घाटावरून आलेली, कुणी साताऱ्याकडचं, कुणी जुन्नरचं. आम्ही पवन मावळातले. सुट्टीत गावाला जाताना कामशेतला उतरलं की अण्णा खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचे आणि हात लांब करून दाखवायचे, हा लोहगड, त्याला लागून तो विसापूर. पुढे पवनेच्या खोऱ्यात शिरलं की तुंग आणि तिकोना. त्यांना इतिहासातल्या सनावळ्या माहीत नव्हत्या, पण कोणत्या गडावर उन्हाळ्यातही पाणी टिकतं हे ते बरोबर सांगायचे. पुढे मी प्राचीन भारतीय इतिहासात एम.ए. केलं, तेव्हा कळलं की गडाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो.

दादा त्या वेळी ऐरोली-महापेच्या कंपन्यांना शिफ्टची गाडी चालवायचा. शनिवार-रविवार गाडी उभी असायची. शेजारच्या इमारतीतल्या एक काकू एकदा आईकडे आल्या होत्या. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. त्या म्हणाल्या, "अगं, मला लोहगड बघायचाय गं मरायच्या आत. पण त्या ट्रेकच्या ग्रुपात माझ्यासाठी कोण थांबणार?" दादा आतून म्हणाला, "आपण थांबू की काकू, कधी निघायचं?" पुढच्याच रविवारी काकू, त्यांचे मिस्टर आणि नातू असे आम्ही निघालो. डिझेलचे पैसे काकूंनी हट्टाने दिले. मग त्यांच्या बहिणीने विचारलं, मग नातवाच्या वर्गातल्या एका आईने. धंदा सुरू झाला तो असा.

काकूंचं वाक्य आम्ही आजही धरून आहोत. चाळीस-पन्नास जणांच्या बसमध्ये जे माणूस हळू चालतं, ते दिवसभर माफी मागत असतं. "तुम्ही व्हा पुढे, मी येते," असं म्हणत ते दरवाज्यापाशी पोहोचतं, तोवर माहिती सांगून झालेली असते आणि मंडळी उठून चालू लागलेली असतात. त्याने गड चढलेला असतो, पण त्याला गड दिसलेला नसतो. मोठे ग्रुप चालवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळे हजारो तरुण मुलं डोंगरात गेली. पण आजीला, पोटुशी सुनेला, चार वर्षांच्या मुलाला, काठी घेऊन चालणाऱ्या काकांना गड दाखवणारं कुणीतरी हवं होतं. म्हणून आमचा एक नियम ठरला : घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस सगळ्यांच्या पुढे चालेल. ते थांबेल तिथे सगळे थांबतील आणि तिथे जे दिसतं त्याबद्दलच मी बोलेन.

हा नियम लोहगडाला फार चांगला लागू पडतो, कारण हा गड टप्प्याटप्प्यानेच उलगडतो. आम्ही सकाळी साडेपाचला निघतो, सायन-पनवेल महामार्गाने कळंबोली, तिथून एक्स्प्रेसवे. बोरघाट चढताना माझं बोलणं सुरू होतं. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगररांगेतल्या वाटांनी देशावर जायचा. त्या वाटेवरच कोंडाणे, कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी कोरली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यांत सोपाऱ्याचा माणूस आहे, यवनही आहेत. एक्स्प्रेसवेवर शेजारून कंटेनर जात असतो तेव्हा हे सांगितलं की मुलं खिडकीतून वेगळ्या नजरेने बघायला लागतात. घाटावर गड का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. जकात आणि वाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात मुलूख.

लोणावळा सोडून मळवलीवरून भाज्याला पोहोचलो की चहा, आणि ज्यांना जमेल त्यांच्यासाठी भाजे लेणी. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं काम आहे हे. चैत्यगृहाच्या छताला आतून लाकडी कमानी आहेत. दगडाला त्यांची काही गरज नव्हती, पण कोरणाऱ्यांच्या हाताला लाकडी घरं बांधायची सवय होती. तिथून गाडी वर लोहगडवाडीपर्यंत जाते आणि पायऱ्या सुरू होतात.

गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारं एकामागून एक लागतात. त्यांतलं हनुमान दरवाज्याचं काम जुनं मानतात, खालची भर नाना फडणवीसांच्या काळातली. बहुतेक लोक पहिल्या दारात फोटो काढतात आणि वर जातात. आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथेच. मी घराला दाराच्या आत उभं करते आणि सांगते, आता तुम्ही शत्रू आहात, पुढे कसे जाल? मुलं आधी धावत सुटतात. चार पायऱ्यांवर वाट वळते. वळल्यावर समोर दार दिसत नाही, दिसतो तो बुरूज, आणि डोक्यावर तट. तटाला जंग्या आहेत, म्हणजे तिरकस भोकं. आतल्याला खालची वाट दिसते, खालच्याला आतलं कुणी दिसत नाही. हत्तीने दाराला धडक द्यायची तर त्याला धावायला सरळ जागा हवी, ती ठेवलेलीच नाही. मग आपण दाराच्या मागे जातो. चौकटीच्या बाजूला भिंतीत अडसराची चौकोनी खोबण असते. सात-आठ वर्षांचं पोर त्यात हात घालतं, कोपरापर्यंत जातो, मग खांद्यापर्यंत, तरी बोटांना शेवट लागत नाही. तेवढं लांब लाकूड भिंतीत सरकवून ठेवायचं आणि दार लावलं की ओढून आडवं घालायचं. त्या मुलाला गडाचं दार म्हणजे काय हे पुन्हा कधी सांगावं लागणार नाही. शेजारच्या देवडीत तोवर आजी टेकलेल्या असतात. पहारेकरी जिथे बसायचे त्याच जागी, त्याच गारव्यात.

या दाराच्या बांधणीबद्दल नरबळीची एक हकिकत सांगितली जाते. लहान मुलं बरोबर असली तर मी ती सांगत नाही, आणि मोठ्यांना सांगते तेव्हा ती लोककथा आहे हेही सांगते. गडावर सनद काय म्हणते आणि गाव काय म्हणतं, हे वेगवेगळं ठेवावं असं मला मनापासून वाटतं. महाराजांच्या नावावर काहीही खपवणं मला सहन होत नाही. 1657 मध्ये कल्याण-भिवंडीपाठोपाठ लोहगड-विसापूर स्वराज्यात आले, 1665 च्या पुरंदरच्या तहात लोहगड मोगलांना द्यावा लागला, 1670 मध्ये तो परत घेतला. एवढं नीट सांगितलं तरी ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. वर तिखटमीठ लावायची गरज नसते.

नारायण दरवाज्याजवळ धान्य ठेवायची भुयारी कोठारं आहेत, भात आणि नाचणीची. इथे आज्या बोलायला लागतात. नाचणी किती वर्षं टिकते, भाताला कीड कशी लागते, राख कधी घालायची. मी गप्प बसते, नातवंडं ऐकतात. वर पोहोचल्यावर चुन्याचा घाणा, खडकात खोदलेली टाकी, लक्ष्मी कोठी आणि सोळा कोनांचा मोठा तलाव. तलावाच्या काठावर मला अण्णांची हमखास आठवण होते. शेवटी विंचूकाटा, गडाची लांबच लांब बाहेर आलेली सोंड. तिथवर सगळे येत नाहीत आणि येऊही नये. वारा फार असतो.

पण एक गोष्ट मी प्रत्येकाला दाखवते, गुडघे दुखत असले तरी. शेजारी विसापूर दिसतो तो. विसापूर लोहगडाहून उंच आहे. नुसतं बघितलं तर जोडीचे दोन डोंगर, छान दिसतात. पण मार्च 1818 मध्ये इंग्रजांची फौज प्रॉथरच्या हाताखाली इथे आली, तेव्हा तिने आधी विसापूर घेतला. तिथून तोफा थेट लोहगडावर रोखता येतात. चार दरवाजे, ते बुरूज, त्या वळणावाटा, अडसर, सगळं खालून येणाऱ्यासाठी होतं. शत्रू शेजारच्या उंचवट्यावर चढून बसल्यावर त्याचा काही उपयोग राहिला नाही. विसापूर पडला आणि लगेच लोहगडही गेला. एका निवृत्त शिक्षकांनी हे ऐकून बराच वेळ विसापूरकडे बघितलं आणि मला म्हणाले, "म्हणजे बाई, हे दोन गड नाहीतच. एकच आहे." मी माझ्या वर्गात इतकं नेमकं कुणाकडून ऐकलं नव्हतं. तेव्हापासून हे वाक्य मी सांगते आणि ते त्यांचं आहे हेही सांगते.

धंद्याची बाजूही सांगायला हवी. गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, पिवळ्या पाटीची गाडी, टूरिस्ट परमिट, प्रवाशांचा विमा हे सगळं दादाने एकेक करून उभं केलं. सात आसनी गाडीसाठी पतपेढीचं कर्ज काढलं. नंतर कोरोना आला, गाडी दाराशी उभी राहिली आणि हप्ते चालूच होते. त्या काळात दादाने मार्केटमधून भाजी उचलून सोसायट्यांत पोहोचवली. कर्ज फिटलं ते त्या भाजीवर. मी घरी बसून प्रत्येक थांब्याची टिपणं काढली. आज नवीन मुलींना शिकवताना तीच वापरते.

टाळेबंदी उठल्यावर मागणी वाढली, तशा सूचनाही आल्या. एका मोठ्या प्रवासी कंपनीने विचारलं, एका माहितगाराबरोबर तीन कुटुंबं का नाही नेत? भाव तोच ठेवा, नफा तिप्पट. हिशेब बरोबर होता. दादाने कागदावर मांडूनही बघितला. पण तीन घरांत तीन वेगळे गुडघे, तीन वेगळी मुलं. मग कुणी तरी पुन्हा माफी मागत चालणार. आम्ही नाही म्हटलं. त्याने आम्ही महाग पडतो हे खरं आहे आणि ते मी फोनवर आधीच सांगते. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी मधल्या वारी, शाळेच्या सुट्ट्या सोडून, कमी दर ठेवले आहेत. माथाडी वसाहतीतल्या घरांना तर फक्त डिझेल आणि जेवण.

जेवण लोहगडवाडीत एका घरी असतं. पिठलं, बाजरीची नाहीतर तांदळाची भाकरी, ठेचा, पावसाळ्यात मिळाली तर रानभाजी. त्या घरातले मामा आमचे दुसरे माहितगार आहेत. कोणत्या पायरीवर शेवाळ धरलंय, माकडं कुठे बसलीत, वारा कधी फिरेल, हे त्यांना विचारल्याशिवाय मी कुणाला वर नेत नाही. त्यांचे पैसे त्याच दिवशी देतो. महिनाअखेर वगैरे चालत नाही.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आम्ही लोहगड करत नाही. धुकं आणि धबधबे बघायला एवढी गर्दी लोटते की पायऱ्यांवर माणसाला माणूस खेटून असतं, भाज्याच्या रस्त्यावर गाड्या तासन्‌तास अडकतात. दरवाज्यापाशी उभं राहून बोलणं अशक्य. याच दिवसांत सगळ्यात जास्त फोन येतात आणि सगळ्यात जास्त नकार आम्ही याच दिवसांत देतो. मंगळवारी-बुधवारी या म्हणून सांगतो. पुष्कळ जण खरंच रजा काढून येतात.

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. महाराष्ट्रातले 11, तमिळनाडूतला जिंजी, आणि त्या 11 मध्ये लोहगड. त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. वाडीतला आवाज एवढा होता की ते काय बोलत होते ते नीट ऐकूच आलं नाही. त्यानंतर परदेशातून आलेल्या नातेवाइकांना घेऊन येणारी घरं वाढली. मी इंग्रजीतूनही सांगते, पण आजोबांनी मध्येच मराठीत काही सुरू केलं की मी थांबते आणि नातवालाच भाषांतर करायला लावते.

या हिवाळ्यात दोन नव्या मुली माझ्याबरोबर फिरणार आहेत. एक घणसोलीची, एक मामांची भाची. भाचीला टिपणं फारशी लागणार नाहीत, तिला फक्त प्रश्न विचारायला शिकवायचं आहे. डिसेंबरपासून विसापूरही सुरू करतोय, पण चढ अवघड आहे, म्हणून फक्त धडधाकट मंडळींसाठी.

बुकिंगला फोन केलात तर दादा तुम्हाला तारखेच्या आधी दोन गोष्टी विचारेल : घरातलं सगळ्यात वयस्कर कोण आणि सगळ्यात लहान कोण. गुडघ्याचं, दम्याचं, चक्करचं काही असेल तर तेव्हाच सांगा, लपवू नका. नारायण दरवाज्यापर्यंतच जमणार असेल तर तेवढाच दिवस आखू. तिथवरही बघण्यासारखं भरपूर आहे.