काळी पाचात मावेना

दर तिमाहीला मी गाण्याच्या क्लासमधल्या मुलांचे आवाज मोजते. इतर क्लासवाले हसतात. आवाज कानालाच कळतो म्हणे. कळतो की, पण पालकांपुढे वहीच ठेवावी लागते.

मोजणं म्हणजे वर कुठवर जातो ते बघणं, असा सगळ्यांचा समज. मी आधी वीसपासून उलटे आकडे म्हणायला लावते. मुलाचं लक्ष आकड्यांत अडकतं आणि बोलण्याचा खरा सूर सापडतो. मग मधल्या सुरावरून अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली, आवाज संपून नुसती हवा येईपर्यंत. वर जाताना दोन खुणा करते: कुठवर सहज आणि कुठवर मान ताणून. दुसरी खूण मी जमेत धरत नाही. आमची पेटी जुनी, म्हणून फोनवर सूर दाखवणारा ट्यूनर उघडा ठेवते.

यातला एक मुलगा तेरा वर्षांचा, काळी पाचात, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी सा धरून गाणारा. एप्रिलमध्ये तार, म्हणजे वरच्या सप्तकातला मध्यम सहज लागायचा. या वेळी तार रिषभालाच आवाज चिरकला. खालची हद्द मात्र तीच, काळी चार, त्याच्या सा-खालचीच काळी. आवाज फुटायला लागला की बहुतेकदा असंच होतं, वरचे सूर आधी जातात, खालचे मागाहून मिळतात. त्यामुळे सा खाली घेऊन पट्टी उतरवायचीही सोय नाही. स्पर्धेसाठी यमन राग बसवलेला. काळी पाचात अंतऱ्याचा तार गंधार लागेना, काळी चारात मुखड्याचा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला निषाद.

आई म्हणाल्या, "मॅडम, घसा बसलाय त्याचा. ज्येष्ठमध देतेय." पेटीवाले काका म्हणाले, "जोर लाव रे!" चाळीस वर्षं साथ करून हे!

मध्य सप्तकात मावणारा दुर्गा राग घेऊ म्हटलं, तर आयोजक म्हणाले, फॉर्म भरलाय, राग बदलता येणार नाही. गायक द. वि. पलुसकर १९२१ साली ज्या नाशकात जन्मले, तिथल्या स्पर्धेच्या नियमांत फुटणाऱ्या आवाजासाठी एक ओळ नसावी!

मी नाव मागे घ्यायला सांगितलं. मुलाने विचारलं, "मॅडम, मग माझी पट्टी कोणती?" सध्या कोणतीच नाही, म्हणाले. खरं तेच होतं. पण त्याच्या आईने ते कसं ऐकलं कोण जाणे. पुढच्या आठवड्यात त्याला गंगापूर रोडवरच्या दुसऱ्या क्लासला घातलं. तिथे तो काळी पाचातच यमन गातोय म्हणे, मान ताणून.