तुम्ही विचारलंत म्हणून : शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे?

मालवाहतुकीच्या कार्यालयात मी गाड्यांच्या फेऱ्या आखते आणि परत आलेल्या पोचपावत्या तपासते, हे कळले की लोक हमखास एक प्रश्न विचारतात. "परवा आमच्याकडे माल घेऊन एक ड्रायव्हर आला होता, फार व्यवस्थित काम केले हो त्याने. अशा माणसाचे कौतुक कुठे कळवायचे? आणि कळवून त्याला काही उपयोग होतो का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : माल ताब्यात घेताना ज्या कागदावर तुम्ही सही करता, त्याच कागदावर लिहा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुम्ही नेमके काय लिहिता यावर अवलंबून असल्यामुळे ते जरा विस्ताराने द्यावे लागेल.

पोचपावती हा मुळात तक्रारीसाठी घडवलेला कागद आहे. 'माल सुस्थितीत मिळाला' हे वाक्य तिच्यावर बहुधा आधीच छापलेले असते आणि त्याखालचा शेऱ्याचा लहानसा रकाना फुटके, भिजलेले किंवा कमी भरलेले काय ते नोंदवण्यासाठी असतो. रस्त्यावरील आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीसाठी 1956 मध्ये जिनिव्हा येथे जो करार झाला, त्यातही हाच दृष्टिकोन दिसतो. त्यानुसार घेणाऱ्याने कसलाही शेरा न लिहिता माल ताब्यात घेतला, तर माल कागदात लिहिल्याप्रमाणेच मिळाला याचा तो प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. वरून न दिसणारे नुकसान कळवायला सात दिवस मिळतात, दिसणारे मात्र तिथल्या तिथे सांगावे लागते. थोडक्यात, कागदाच्या लेखी उत्तम फेरी म्हणजे कोरा रकाना. अडचण अशी की ज्याने जीव ओतून माल बांधला त्याची पोच कोरी येते आणि ज्याने कसाबसा बांधूनही माल नशिबाने शाबूत राहिला त्याचीही पोच कोरीच येते. माझ्या फायलीत दोघे शेजारी शेजारी बसतात आणि मला त्यांच्यातला फरक कळायला काही मार्ग नसतो.

हा फरक किती मोठा आहे हे माल घेणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही, कारण तोपर्यंत बहुतेक काम होऊन गेलेले असते. माल बांधण्याच्या ईएन 12195-1 या युरोपीय मानकात असे धरले आहे की जोरात ब्रेक दाबल्यावर माल आपल्या वजनाच्या आठ दशांश इतक्या जोराने पुढे सरकू पाहतो, आणि वळणावर बाजूला किंवा वेग घेताना मागे निम्म्या वजनाइतक्या जोराने. दहा टनांचे यंत्र असेल तर आठ टन वजनाइतका रेटा चालकाच्या केबिनच्या दिशेने येणार आणि तो हौद्याच्या पुढच्या भिंतीने, खालच्या घर्षणाने आणि पट्ट्यांनी मिळून अडवायचा. पट्टे सुरुवातीला कितीही ताणले तरी थोड्या प्रवासात माल बसतो आणि ते सैल पडतात. म्हणून चांगला चालक निघाल्यावर काही अंतराने गाडी बाजूला घेऊन खाली उतरतो आणि प्रत्येक पट्टा हाताने दाबून पाहतो. पाऊस असो, रात्र असो, हे त्याला करावेच लागते आणि ते करताना त्याला कोणीही पाहत नसते.

शीतगाडीचे काम तर त्याहून नाजूक. गोठवलेले अन्न उणे 18 अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली आणि बहुतेक लशी 2 ते 8 अंशांदरम्यान ठेवायच्या असतात. गाडीवरचे यंत्र आधीच गार केलेल्या मालाचे तापमान टिकवते. गरम झालेला माल पुन्हा झटपट गार करण्याचे बळ त्याच्यात नसते. दार उघडे असताना यंत्र चालू राहिले तर ते बाहेरची दमट हवा आत ओढते आणि त्याच्या नळ्यांवर बर्फ साचतो. जाणता चालक धक्क्याला गाडी लावली की आधी यंत्र बंद करतो, उतरवणारी माणसे तयार आहेत याची खात्री करतो आणि मगच दार उघडतो. पाहणाऱ्याला वाटते की हा उगीच वेळ घालवतो आहे. (एका पावतीवर मी 'चालक दार उघडण्यास टाळाटाळ करतो' असा शेरा वाचला आहे. त्या दिवशीचा तापमानाचा आलेख मी जपून ठेवला.)

म्हणून कौतुक करणाऱ्यांना माझी विनंती असते की 'उत्तम सेवा' असे लिहू नका. तुम्ही जे पाहिले ते लिहा. फोनवर दिलेले पाच तारेही मला फारसे काही सांगत नाहीत, कारण त्यांत खोक्याचे पुठ्ठे, आमचे फोनवरचे बोलणे आणि त्या दिवशीची रहदारी असे सगळे एकत्र मिसळलेले असते. याउलट एका ग्राहकाने एकदा दोनच ओळी लिहिल्या होत्या : 'तिसऱ्या खोक्याची खालची कड दबलेली आम्हाला दिसली नव्हती. चालकाने स्वतः दाखवली आणि नोंद करून घ्यायला सांगितले.' ज्या रकान्यात त्याच्याविरुद्ध जाऊ शकेल अशी नोंद व्हायची, ती त्याने स्वतः मागून करून घेतली, हे कळल्यानंतर त्या माणसाच्या कोऱ्या पोचेचाही अर्थ माझ्यासाठी बदलला. काचसामान आणि मोजमापाची उपकरणे मी तेव्हापासून शक्यतो त्याच्याच गाडीत देते.

एका गोष्टीचे कौतुक मात्र कृपा करून करू नका, ती म्हणजे वेग. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाने मोठ्या आपुलकीने पत्र पाठवले की माल ठरलेल्या वेळेच्या तीन तास आधी आला आणि असा तडफदार चालक त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. पत्र वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. विश्रांतीचे नियम देशोदेशी वेगळे असतात. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, अमेरिकेत आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाची. पण नियम कुठलाही धरला तरी त्या फेरीचे गणित जुळत नव्हते. चालकाला विचारले तेव्हा त्याने विश्रांती टाळल्याचे सरळ मान्य केले. आदल्या फेरीत दुसऱ्या एका ठिकाणी उशीर झाल्यामुळे त्याला सर्वांदेखत बोलणी खावी लागली होती आणि पुन्हा तसे होऊ नये एवढेच त्याच्या मनात होते. वेग दीडपट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर सव्वादोन पट होते, आणि डोळ्यांवर झोप असेल तर ब्रेकवर पाय जायलाच उशीर होतो. हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्याला समज द्यावी लागली आणि त्या भल्या ग्राहकाला काय उत्तर लिहावे हे मला दोन दिवस सुचले नाही.

खोळंब्याविषयीही बोलले पाहिजे, कारण पुष्कळ चालकांना कौतुकाच्या पत्रापेक्षा वेळेवर रिकामी झालेली गाडी अधिक मोलाची वाटते. गाडी फाटकाबाहेर उभी असते तेव्हा चालक झोपू शकत नाही, कारण कधीही हाक येईल, आणि कुठे जाऊही शकत नाही. दिवसभरात कामाला मिळणारे तास तर संपत राहतात. माझ्याकडे अशी एक पोच आहे, जिच्यावर गाडी आल्याची आणि माल उतरल्याची अशा दोन्ही वेळा नोंदलेल्या आहेत. दोहोंत सहा तासांचे अंतर आहे आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिले आहे : 'चालक अत्यंत संयमी आहे.' लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. तरीही धक्का मोकळा ठेवला असता, हात धुवायची आणि बसायची जागा दाखवली असती, तर त्या संयमाची परीक्षा घ्यावी लागली नसती.

आता, लिहिल्यानंतर त्या शेऱ्याचे काय होते ते सांगते. सगळीकडे सारखेच होते असा दावा मी करणार नाही. पोच बिलाला जोडली जाऊन शेरा कोणी न वाचता फाइलबंद होणारी कार्यालयेही असतात. म्हणून शेरा लिहिल्यावर तारीख, गाडीचा क्रमांक आणि चलन क्रमांक देऊन एक लहानसा निरोप कार्यालयाला वेगळा पाठवावा. चालकाचे नाव माहीत नसले तरी त्यावरून तो सापडतो. आमच्याकडे असा निरोप चालकाच्या नोंदीला जोडला जातो, वर्षअखेरीच्या आढाव्यात वाचला जातो आणि पुढे कधी त्याच्याविरुद्ध तक्रार आली तर तिच्याबरोबर समोर ठेवला जातो. हा शेवटचा उपयोग सर्वांत मोठा आहे, कारण तक्रारी आपसूक साठतात आणि चांगल्या कामाचा पुरावा कोणीतरी मुद्दाम लिहिला तरच उरतो. चालकाच्या हातात चार पैसे ठेवायला माझी हरकत नाही, पण त्यांची नोंद कुठेच होत नाही.

आज सकाळी आलेल्या एका पोचेवर लिहिले आहे : 'फाळका उघडण्यापूर्वी त्याने आमच्या सर्व माणसांना बाजूला उभे केले. एक पिंप आतून फाळक्याला टेकलेले होते.' गाडी चालताना ते पिंप सरकले असणार, म्हणजे बांधणीत कुठेतरी कमी राहिली होती, आणि त्याबद्दल मला त्याच्याशी बोलावे लागेल. तो परवा परतेल. पोचेची प्रत काढून ठेवली आहे. आधी ती त्याला वाचून दाखवेन आणि मग पट्ट्यांचे विचारेन.