भिंतीवरचा ठिपका

शनिवार, रात्र

काल सहावी अ मध्ये एक चूक केली आणि ती चूक आहे हे आज ब मध्ये कळलं.

काल वर्गात शिरल्या शिरल्या चित्रकार सय्यद हैदर रझांच्या ‘बिंदू’ची दोन छापील चित्रं फळ्यावर लावली. रझा 1922 सालचे, मंडला जिल्ह्यातले, कला शिकले ती आधी आपल्या नागपुरात, मग मुंबईत जे. जे. ला, असं सगळं सांगितलं. मुलांनी मुकाट ऐकलं, कंपासपेट्या उघडल्या, कर्कटक काढलं. चाळीस कागदांवर चाळीस काळे गोळे, भोवती त्रिकोण, वर पट्टीनं आखलेली चौकट. एलिमेंटरीच्या परीक्षेतलं संकल्पचित्रच म्हणा ना. “मॅडम, बाहेर रंग गेला तर मार्क जातील का?” हा एकच प्रश्न आला. सवय मीच लावलेली, बोलणार कुणाला!

आज चित्र पिशवीतच ठेवलं. नुसती गोष्ट सांगितली. लहानग्या रझांचं शाळेत लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. मग व्हरांड्याच्या भिंतीवर मीही काळ्या पोस्टर कलरनं रुपयाएवढा ठिपका काढला. (दिवाळीत रंगवलेली भिंत. मुख्याध्यापक सर सोमवारी बोलतीलच.)

पहिली दोन मिनिटं नुसतं खिदळणं. मग एक म्हणाला, हलतोय. दुसरी म्हणाली, मोठा झाला. मागून कुणी तरी “पाल! पाल!” ओरडलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण पाचेक मिनिटं खरंच शांतता होती. सहावी ब मध्ये, शनिवारी, सुटीच्या आधी.

कागदावर मग कर्कटक कुणी फारसं लावलंच नाही. एकीनं न्हाणीघरातला आरसा काढला, त्यावर आईनं चिकटवून ठेवलेल्या टिकल्या, एक निघून गेलेली, तिथे नुसता गोंदाचा डाग. एकानं वरून बघितलेली विहीर. आणि खिडकीपाशी बसणाऱ्या त्या अबोल मुलानं अख्खा कागद काळ्या तेलखडूनं भरून टाकला, मध्ये तांदळाएवढी पांढरी जागा सोडून. खडू संपला म्हणून ती राहिली की ठेवली, हे विचारायला गेले आणि न विचारताच परतले.

शेवटच्या दहा मिनिटांत पिशवीतलं चित्र काढलं. टिकलीवाली लगेच म्हणाली, “ह्यांनी फारच मोठी लावली.” मी सांगितलं, 1950 मध्ये रझा फ्रान्सला गेले, वर्षानुवर्षं तिथली गावं, झाडं, घरं रंगवली, बिंदू चित्रात ठाण मांडून बसला तेव्हा साठीला आले होते.

“मग गुरुजींचा ठिपका इतकी वर्षं कुठं होता?”

घंटा झाली म्हणून वाचले.

आता कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. अ च्या गठ्ठ्याला श्रेण्या पटापट देऊन झाल्या. त्या काळ्या कागदावर पेन्सिल टेकवून उचलली, दोनदा. राहू दे. सोमवारी त्याला काळा तेलखडू न्यायचा आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात सुटा मिळत नाही, अख्खी डबीच घ्यावी लागेल.